न लागलेलं रक्त

“पूर्वी रक्त सर्रास द्यायचे हो, आबा,” हृदयाच्या डॉक्टर कामिनी मॅडम म्हणाल्या. “मूल जरा फिकट दिसलं की लाव बाटली. मग रक्त आठ टक्के असो, नाहीतर नऊ. नऊ म्हणजे काही जीव जायचं रक्त नव्हे. औषधांनी, खाण्यापिण्याने दोन महिन्यांत भरून आलं असतं. निम्म्याहून जास्त वेळा गरजच नसायची. पण तेव्हाची रीतच तशी होती.” एवढं बोलून त्या समोरच्या कागदाकडे वळल्या. उद्या सकाळी पोरीला ऑपरेशनसाठी कधी आत घ्यायचं, तिला काही खायला द्यायचं नाही, वगैरे वृषालीला सांगू लागल्या. पुढचं सगळं मोतीलालच्या कानांवर पडलं, पण आत गेलं नाही. तो खुर्चीच्या कडेला बसला होता तसाच बसून राहिला. टेबलावर काचेखाली हृदयाचं एक रंगीत चित्र होतं, त्यातल्या निळ्या आणि लाल नळ्यांकडे बघत. नऊ, असं त्याने मनाशी म्हटलं. तो आकडा त्या खोलीत दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता. त्याची लेक वृषाली तेव्हा चार वर्षांची होती. जावई जगदीश तर तेव्हा चाळीसगावला कुठल्याशा शाळेत पाढे म्हणत असेल. थोरल्या मुलाचं, धम्मपालचं, रक्त नऊ टक्के होतं हे ठाऊक असलेली दोनच माणसं आता जगात उरली होती. त्यातलं एक इथे जळगावात ह्या खुर्चीवर होतं आणि दुसरं धुळ्याला देवपुरातल्या घरी, गुडघ्यांना तेल चोळत.

आपल्या लेकीच्या, उत्पलाच्या, हृदयाला भोक आहे हे कळलं तेव्हापासून वृषालीने एकच धरून ठेवलं होतं. बाहेरचं रक्त नको. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आता रक्त कसं तपासतात, धोका किती उरलाय, लाखांत किती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या भेटीत कामिनी मॅडमनी तो आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, “लाखांत एक म्हणजे कुणीतरी एक असतोच, मॅडम. आमच्या घरात तो होऊन गेलाय.” मॅडम चिडल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, आम्हालाही मुलांना बाहेरचं रक्त द्यायला आवडत नाही. फुप्फुसं सुजतात, पोरं यंत्रावर जास्त दिवस राहतात. आधी हिचं स्वतःचं रक्त वाढवू. लोहाची इंजेक्शनं देऊ. हृदय थांबवतो तेव्हा रक्त ज्या यंत्रातून फिरतं त्याच्या नळ्या मोठ्या माणसासाठी लांबलचक असतात, त्या भरायला पाणी घालावं लागतं आणि लहान पोराचं रक्त पातळ होऊन जातं. आपण नळ्या बारीक आणि आखूड वापरू, यंत्र पोरीच्या अगदी शेजारी आणू. जे रक्त सांडेल ते टिपून, धुऊन तिलाच परत देऊ. पण दोन पिशव्या तयार ठेवीन, आणि जिवावर बेतलं तर तुम्हाला विचारायला थांबणार नाही, एवढं कबूल असेल तर हो म्हणते. वृषालीने खूप वेळाने मान हलवली होती. मोतीलाल तेव्हाही शेजारीच होता. लेकीची ती मान हलताना त्याला दिसली आणि उगाच अपराधी वाटलं. ‘बाहेरचं रक्त नको’ हे शब्द ती डॉक्टरांना सांगत होती, जगदीशला सांगत होती, तिच्या सासूला सांगत होती. पण मोतीलालला प्रत्येक वेळी वाटायचं की तोंड तिकडे असलं तरी बोलणं आपल्याशी चाललंय.

सकाळी उत्पलाला नेलं तेव्हा तिला हिरवा झगा घातला होता, दोन पोरं मावतील एवढा. तिने मोतीलालला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, “नाना, माझं रक्त मलाच देणार आहेत.” त्याचा तिला मोठा अभिमान वाटत होता. मोतीलाल म्हणाला, “असंच पाहिजे.” दार मिटलं. वृषाली भिंतीला टेकून उभी राहिली, जगदीश तिच्याजवळ उभा राहिला, आणि मोतीलाल त्यांच्यापासून जरा लांब, पाण्याच्या यंत्रापाशी असलेल्या बाकावर जाऊन बसला. रात्रभर त्याला झोप लागली नव्हती, पण डोळे जड नव्हते. उलट सगळं फार लख्ख दिसत होतं. फरशीच्या सांध्यातली काळी रेघ. बाकाचा उडालेला रंग. आणि धम्मपालला ठेवलं होतं तो दवाखाना. भुसावळातला, वर माडीवर, अरुंद जिन्याचा. त्याचा जिना आत्ता चढल्यासारखा त्याच्या मांड्यांत दुखत होता.

हिवतापाने पोरगं तीन आठवडे पडून होतं. आठ वर्षांचं, पण हाडाने दणकट. मोतीलाल कामाला होता त्या वरणगावच्या फॅक्टरीचा भोंगा धम्मू तोंडाने असा हुबेहूब वाजवायचा की क्वार्टरमधली एखादी नवी सून खरंच नवऱ्याचा डबा घेऊन दारात यायची. तो भोंगा बंद पडला होता. ताप उतरला, पण पोरगं गळून गेलं होतं, ओठ पांढरे, डोळ्यांखाली हात लावला तर कागदासारखं. डॉक्टर म्हणाला होता, “रक्त नऊ टक्के आहे. एक बाटली दिली की टवटवीत होईल.” होईल, असंच म्हणाला होता. दिलीच पाहिजे असं नव्हे. हा फरक मोतीलालला काल कळला. तेव्हा त्याला ऐकू आलं होतं ते इतकंच, की आपल्या पोराला काहीतरी कमी आहे आणि ते आणता येतं. त्याच्या बापाला कधीच काही आणता आलं नव्हतं. साक्रीकडच्या त्या गावात त्याची धाकटी बहीण तापाने गेली तेव्हा बाप दारात बसून राहिला होता, कारण कुठे जायचं हेच त्याला माहीत नव्हतं. मोतीलालला माहीत होतं. त्याच्याकडे सरकारी नोकरी होती, सुपडूसारखा राजदूत मोटारसायकलवाला दोस्त होता. तो डॉक्टरला म्हणाला होता, “एक कशाला साहेब, दोन द्या.” डॉक्टर हसला. “एक पुरे.” म्हणजे दुसरी त्यानेच वाचवली. मोतीलालला बाकावर बसल्या बसल्या हसू आल्यासारखं झालं. मागितली होती. आपण होऊन मागितली होती.

सुपडूच्या मागे बसून तो रक्तपेढीवरून परत येत होता. बाटली काचेची. टॉवेलात गुंडाळून त्याने शर्टच्या आत पोटाशी धरली होती. रस्त्यात खड्डे होते, आणि दर खड्ड्याला तो पाठ वाकवून पोटात पोकळी करायचा, म्हणजे तिला धक्का लागू नये. ती फार थंड होती. सुरुवातीला बर्फासारखी, मग हळूहळू त्याच्या अंगाने कोमट होत गेली, आणि दवाखाना आला तोवर तिचं आणि त्याचं अंग एकच झालं होतं. बायका पोर पोटात वागवतात म्हणजे काय, ते आपल्याला थोडंसं कळलं असं त्याला तेव्हा वाटलं होतं. हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं उरलंच नाही. जिना त्याने धावत चढला. त्याची बायको कलाबाई खाटेशेजारी उभी होती. ती काहीतरी बोलायला वळली, आणि त्याने हसत शर्टातून बाटली काढून दाखवली.

“हे कुणाचं शे नाना?” नळीतून लाल थेंब पडायला लागला तेव्हा धम्मूने विचारलं होतं.

“एका चांगल्या माणसाचं.”

“मंग त्याले कमी नही पडाव का?”

मोतीलालने त्याला सांगितलं होतं की मोठ्या माणसाला लगेच भरून येतं. पोराने बराच वेळ त्या बाटलीकडे बघितलं आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हटलं, “भाऊ, थँक्यू.” तो चांगला माणूस कोण होता, हे मोतीलालने पुढे कितीतरी वर्षं मनात चाचपून पाहिलं. स्टेशनाबाहेर पडून असणारा कुणी हमाल, रिक्षा ओढणारा, दारूपायी किंवा पोरांपायी रक्त विकणारा. त्याचा राग मोतीलालला कधी धरता आला नाही. तोही गेलाच असेल, बहुधा धम्मूच्या आधी, आणि त्याला तर आपण काय दिलं हे ठाऊकही नसेल. डॉक्टरचाही राग फार टिकला नाही. कारण मोतीलालपाशी एक वाक्य होतं. तेव्हा ती बाटली मिळाली नसती तर पोरगं त्याच आठवड्यात गेलं असतं. बाटलीने मारलं खरं, पण आधी तिनेच जगवलं, आणखी सात वर्षं दिली. ते वाक्य त्याने आणि कलाबाईने मिळून इतकं वापरलं होतं की उंबऱ्यासारखं ते मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं. पाहुणे आले की ते म्हणायचं. विहारात कुणी हळहळलं की म्हणायचं. नुसतं दोघांनी समोरासमोर बसून चहा पितानाही म्हणायचं. सात वर्षं कमी नव्हती. त्यातली चार तर चांगली होती. पोरगं उठलं, शाळेत गेलं, पुन्हा भोंगा वाजवायला लागलं. मग अंगावर नागीण उठली, मग खोकला, मग वजन उतरत गेलं, आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने मोतीलालला आणि कलाबाईला वेगवेगळ्या खोलीत नेऊन नको ते विचारलं. दोघांचं रक्त तपासलं. दोघंही स्वच्छ निघाली. तेव्हा मग ती बाटली आठवली.

त्यानंतरचं मोतीलाल सहसा आठवू देत नसे, पण आज त्याला अडवायला काही नव्हतं. क्वार्टरमधल्या काही घरांत त्याच्यासाठी कप वेगळा असायचा; जातीपायी असं वेगळं ठेवणं त्याने गावात लहानपणापासून पाहिलेलं होतं, ते दुखणं ओळखीचं होतं. पण धम्मूचं कळल्यावर आपल्याच माणसांनी, ज्यांच्याबरोबर वंदना म्हटली, पंगतीला बसलो, त्यांनी पोरं आत ओढून घेतली. शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन, हात जोडून, त्याला पाठवू नका म्हणून सांगितलं. न्हाव्याने नकार दिला तेव्हापासून धम्मूचे केस मोतीलालच कापायचा. कलाबाईने मात्र एकही भांडं वेगळं काढलं नाही. पोराने टाकलेलं ती त्याच ताटात खायची, आणि कुणी बघत असलं तर मुद्दाम खायची. शेवटच्या उन्हाळ्यात मोतीलाल त्याला न्हाणीत उचलून न्यायचा. पंधरा वर्षांचा मुलगा, मिशी फुटायला लागलेली, आणि वजन एवढंच, की उचलताना हात नको तेवढा वर जायचा. एकदा फॅक्टरीचा भोंगा वाजला. धम्मूने ओठ गोल केले, गाल फुगवायचा प्रयत्न केला, नुसतीच हवा आली. मग तो बापाकडे बघून लाजल्यासारखा हसला. ते हसू आठवलं की मोतीलाल ते वाक्य म्हणायचा. आज त्याने सवयीने ते म्हणायला घेतलं आणि ते निम्म्यावर थांबलं. नऊ म्हणजे काही जीव जायचं रक्त नव्हे. पोरगं उठलंच असतं. दोन महिने उशिरा, पालेभाजी खाऊन, गूळ-शेंगदाणे खाऊन, आईच्या शिव्या खाऊन. उठलं असतं आणि आज एकेचाळीस वर्षांचं असतं. ह्याच बाकावर, भाचीसाठी, शेजारी बसलं असतं. पोट सुटलेलं, कदाचित टक्कल पडलेलं. मोतीलालला टक्कल पडलेला धम्मू इतका स्पष्ट दिसला की त्याने बाकावर हात टेकून थोडी जागा केली.

जगदीशने चहा आणून दिला. “नाना, घ्या. चेहरा उतरलाय तुमचा.” मोतीलालने कप घेतला. वृषाली अजून भिंतीशीच होती. तिला सांगावं का, असा विचार त्याच्या मनात आला. सांगावं, की तुझा दादा नशिबाने नाही गेला, घाईने गेला. माझ्या हौसेने गेला. पण आज तिच्या पदरात तिची भीती पुरेशी होती. आणि तिला सांगितलं तर ते कधी ना कधी कलाबाईपर्यंत जाणार. कलाबाईच्या दोन्ही पायांखाली ते एकच वाक्य होतं. ते काढून घेतलं तर ती ह्या वयात कशावर उभी राहील? मोतीलालने चहा पिऊन टाकला. तो थंड झाला होता.

दुपारी दार उघडून कामिनी मॅडम बाहेर आल्या. टोपी काढलेली, कपाळावर तिचा वळ. त्या सरळ वृषालीकडे गेल्या. “भोक बुजवलं. हृदय आपलं आपण छान चालू झालं. पिशव्यांना हातसुद्धा लावावा लागला नाही.” वृषालीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग जगदीशकडे न जाता चालत बाकापाशी आली, बापाच्या शेजारी बसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिने असं केलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. “नाना,” ती म्हणाली, “एक थेंबसुद्धा लागला नाही.” तिचं अंग हलत होतं. मोतीलाल तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला आनंद झाला होता. खरोखर झाला होता, तो कुठेतरी आत होताच. पण लाकडं ओली असल्यावर चूल पेटलेली असूनही नुसता धूर यावा, तसं त्याला झालं. आपल्या डोळ्यांतलं पाणी ती आनंदाचं समजेल, ह्याचं त्याला बरं वाटलं.

त्यांनी एकेकाला आत सोडलं. उत्पला नळ्यांच्या मधोमध झोपली होती, पण तिची बोटं गुलाबी होती. मोतीलालने एक बोट धरलं. ते ऊबदार होतं. ही ऊब सगळी तिची होती. बाहेर येऊन त्याने जिन्याच्या कोपऱ्यात उभं राहून कलाबाईला फोन लावला.

“कशी शे पोर?” तिने पहिल्या घंटीलाच उचलला होता.

“चांगली शे. बठ्ठं नीट व्हयनं.”

“रगत?”

“लागनं नही. थेंब बी नही.”

मग ती म्हणाली, “इतलं हृदय उघडं करं, तरी लागनं नही?” आणि थांबली. ती काय विचारणार हे मोतीलालला कळलं, आणि तिने विचारायच्या आत तो घाईघाईने म्हणाला, “आते यंत्रं नवी शेत. तवा नव्हती. आपला धम्मूले देनंच पडनं. त्यानं न्यारं व्हतं.”

“हां,” कलाबाई म्हणाली. “तुमी जेवनात का?”

तो संध्याकाळच्या आत घरी जायला निघाला. वृषालीने फार सांगितलं की राहा, पण तो म्हणाला, तुझी आई एकटी आहे. एरंडोल, पारोळा, बस रिकामीच होती. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि मोतीलालला त्या पांढऱ्याकडे बघवेना. डोळे मिटले की जिना दिसायचा, आणि जिन्याच्या वर कलाबाई खाटेशेजारी उभी, काहीतरी बोलायला वळलेली. एवढ्या वर्षांत त्याने आठवणीत ती बाटली पाहिली होती, पोराचा चेहरा पाहिला होता, पण कलाबाई काय बोलणार होती, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. आज पडला, आणि बस धक्का खाऊन वळली तसा निसटून गेला. धुळ्याला उतरून, पांझरेच्या पुलावरून रिक्षाने देवपुरात येईतो दिवेलागण झाली होती.

कलाबाईने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती आणि ठेचा. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली होती, नातीसाठी. तिने ताट वाढलं, स्वतः भिंतीला टेकून पाय लांब करून बसली, आणि तो जेवत असताना त्याच्याकडे बघत राहिली. त्याने दोन घास खाल्ले. तिसरा हातात धरून बसला.

“तुमले कोनी सांगं?” ती म्हणाली.

“काय?”

“धम्मूले बी रगत लागत नव्हतं, हाई.”

मोतीलालने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, थकलेला, शांत. “फोनवर तुमी लई घाईमा बोलनात,” ती म्हणाली. “मी इचारं नव्हतं. तरी सांगं.” थोडा वेळ ती गुडघ्यावरून हात फिरवत राहिली. “माले मालूम व्हतं. तवाच. ती उच्ची नर्स व्हती ना, तिनी माले बाजूले लई जाईसन सांगं. इतलं कमी नही शे रगत. आठे दवाखानामा सगळास्ले देतस. तुना मालकले सांग, राहू द्या म्हना.”

मोतीलालच्या हातातला घास ताटात पडला. “मंग तू बोलनी का नही?”

“बोलनारच व्हतू. तितलामा तुमी वर उनात. घामाघूम. शर्टमाईन बाटली काढी, आनि असा हासनात...” तिने पदराने तोंड पुसलं. “लगीन व्हयनं तैपासून तुमनं तसं तोंड मी देखं नव्हतं. मंग माले बोलताच उनं नही.”

मेणबत्ती जळत होती. पुलाकडून एक गाडी गेली. मोतीलालला पुष्कळ विचारायचं होतं, आणि त्याने विचारलं ते भलतंच.

“कोन्ती नर्स?”

“उच्ची. केरळनी व्हती. चष्मा लायनारी.”

“हां,” तो म्हणाला. त्याला ती आठवत नव्हती. तो बायकोकडे बघत राहिला. ते वाक्य पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं, हे त्याला आता कळलं. धम्मूला माती देऊन आल्यावर तो न्हाणीच्या दारात बसून राहिला होता आणि तिने त्याचे पाय धुतले होते. धुता धुता, वर न बघता, ती म्हणाली होती, ती बाटली नसती मिळाली तर त्याच आठवड्यात गेलं असतं पोर. त्याने ते धरलं आणि तेवढ्यावर तो जगला. ती मात्र ते वाक्य म्हणत राहिली, पाहुण्यांपुढे, विहारात, त्याच्यासमोर चहा पिताना, आणि दर वेळी तिला ठाऊक होतं की ते खोटं आहे. त्याच्या शेजारी निजून, उठून, त्याच्या भाकरी थापून, ह्या सगळ्या वर्षांत तिने ते एकटीने वाहिलं होतं. मोतीलालला हे कळून एकच दिवस झाला होता, आणि तेवढ्यानेच तो मोडून गेला होता.

त्याने ताट उचललं, सरकत तिच्याजवळ जाऊन भिंतीला टेकून बसला, आणि ताट दोघांच्या मध्ये ठेवलं. “तू बी खाय,” तो म्हणाला. तिने मान हलवून नको म्हटलं. मग हात पुढे केला, भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो तसाच हातात धरून ती रडायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्यासमोर, तोंड न लपवता रडत होती. मोतीलालने तिला थांबवलं नाही. तिला धीर द्यायला त्याच्यापाशी आता एकही वाक्य नव्हतं.